सर्वांत दूरचा दवाखाना

(जिल्ह्यात अनेक वर्षे वैद्यकीय अधिकारी म्हणून सेवा केलेल्या एका निवृत्त डॉक्टरांनी यवतमाळ येथे वैद्यक व विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा हा संपादित मजकूर.)



आजच्या व्याख्यानाचा विषय निवडण्याची मोकळीक संयोजकांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. हा विषय खरे पाहता मी निवडलेला नाही. तो मला एका मुलीने दिला. घाटंजी तालुक्यातील एका शाळेत आरोग्यविषयक चार गोष्टी सांगण्यासाठी गेलो असता नववीतील एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "डॉक्टर झाल्यावर अंतराळवीर होता येते का?" वर्गात हशा पिकला. मी "होय, येते" एवढेच म्हणालो आणि तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. त्या उत्तराचा उरलेला भाग आज आपल्यापुढे मांडणार आहे.

शर्मांच्या स्वागताला उभा असलेला डॉक्टर

३ एप्रिल १९८४ हा दिवस माझ्या पिढीला विसरता येण्यासारखा नाही. त्या दिवशी स्क्वॉड्रन लीडर राकेश शर्मा हे सोव्हिएत संघाच्या सोयूझ टी-११ यानातून अंतराळात झेपावले. मी त्या वेळी या जिल्ह्याच्या आदिवासी भागातील एका आरोग्य केंद्रावर होतो. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी शर्मांशी साधलेला संवाद आम्ही रेडिओभोवती कोंडाळे करून ऐकला. भारत वरून कसा दिसतो, या प्रश्नाला शर्मांनी इक्बालांच्या गीताच्या शब्दांत दिलेले उत्तर साऱ्या देशाच्या तोंडी झाले.

पण त्या स्थानकात आणखी एक गृहस्थ होते, ज्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. शर्मा आणि त्यांचे दोघे सहकारी, मालिशेव व स्त्रेकालोव, सॅल्यूत-७ स्थानकावर पोहोचले तेव्हा तेथे तिघेजण आधीपासून मुक्कामाला होते. किझीम हे मुक्कामाचे प्रमुख, सोलोव्योव हे अभियंते आणि तिसरे ओलेग आत्कोव. हे आत्कोव हृदयरोगतज्ज्ञ होते.

आत्कोव यांचा जन्म १९४९ चा. मॉस्कोच्या वैद्यकीय संस्थेतून १९७३ मध्ये पदवी घेऊन ते हृदयरोगाच्या क्षेत्रात शिरले. ध्वनिलहरींच्या साह्याने हृदयाचे चित्र दाखवणारे यंत्र आज तालुक्याच्या ठिकाणीही आढळते. त्या काळी ते अवजड आणि दुर्मीळ होते. असे यंत्र सहज उचलून नेता यावे, या कामात आत्कोव यांचा वाटा होता. ज्या मार्गाने त्यांचे यंत्र अंतराळापर्यंत जाणार होते, त्याच मार्गाने पुढे तेही गेले. ८ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे उड्डाण झाले, तेव्हा त्यांचे वय ३४ वर्षांचे होते.

त्या मुक्कामात किझीम आणि सोलोव्योव यांनी स्थानकाबाहेर पडून सहा वेळा काम केले. गळती लागलेली इंधननळी दुरुस्त करणे हा त्यातील मोठा भाग होता. आत्कोव मात्र आतच राहिले. सोबत्यांचे हृदय, रक्त, स्नायू, तोल यांची तपासणी करायची, त्यांच्या व्यायामावर लक्ष ठेवायचे आणि तेच प्रयोग स्वतःच्या शरीरावरही करायचे, हे त्यांचे नित्यकर्म. शर्मांच्या आठवड्याभराच्या वास्तव्यात भारतीय शास्त्रज्ञांनी आखलेले योगासनांचे व हृदयाच्या विद्युत्क्रियेच्या मापनाचे प्रयोग झाले, तेही याच छताखाली.

शर्मा ११ एप्रिलला परतले ते आत्कोव ज्या यानातून वर गेले होते त्या सोयूझ टी-१० मधून. शर्मांना घेऊन गेलेले यान वरच ठेवण्यात आले. आत्कोव आणि त्यांचे सोबती त्याच यानातून सुमारे २३७ दिवसांचा मुक्काम आटोपून पृथ्वीवर उतरले. तो दिवस होता २ ऑक्टोबर १९८४, म्हणजे आपली गांधी जयंती. इतका दीर्घ मुक्काम त्यापूर्वी कोणाही मानवाने केलेला नव्हता.

डॉक्टर तेथे कशासाठी?

कोणी विचारील, की यान चालवायला वैमानिक हवा, दुरुस्तीला अभियंता हवा; डॉक्टरचे तेथे काय काम? ज्या काळात एकेक किलो वजनाचा हिशेब होत असे, त्या काळात हा प्रश्न सोव्हिएत संघात आणि अमेरिकेतही विचारला गेला असणारच. त्याचे उत्तर मानवी शरीरात आहे.

आपण जन्मभर जमिनीच्या ओढीविरुद्ध उभे असतो. रक्त पायाकडे ओढले जाते आणि हृदय ते डोक्याकडे लोटत राहते. अंतराळयानात ही ओढ जाणवेनाशी झाली, की रक्त व द्रव छातीकडे आणि डोक्याकडे सरकतात. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, पाय बारीक होतात. शरीराला वाटते द्रव फार झाला, म्हणून ते तो बाहेर टाकू लागते. अशा स्थितीत काही महिने काढून परतलेला मनुष्य उभा राहिला तर त्याला भोवळ येते. भार न पडल्याने स्नायू रोडावतात. हाडांतील खनिज झिजते. पुरेसा व्यायाम नसेल तर कमरेच्या हाडांत ही झीज महिन्याला एक ते दीड टक्का होते. आपल्याकडे वृद्ध स्त्रियांच्या हाडांची जी झीज व्हायला वर्ष लागावे, तितकी तेथे एका महिन्यात धडधाकट तरुणाची होते. कानातील तोल राखणारे इंद्रिय गोंधळते आणि पहिले काही दिवस निम्म्याहून अधिक प्रवाशांना मळमळ सतावते.

हे सारे प्रथम एका डॉक्टरने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते १९६४ मध्ये. १२ ऑक्टोबर रोजी निघालेल्या वोस्खोद-१ यानात बोरिस येगोरोव हे २६ वर्षांचे डॉक्टर होते. अंतराळात जाणारे ते जगातील पहिले वैद्यक. यान इतके अरुंद, की तिघांना बसवण्यासाठी अंतराळपोशाखसुद्धा वगळावे लागले. प्रवास जेमतेम एका दिवसाचा झाला. त्यानंतर १९७३ मध्ये अमेरिकेचे नौदल-डॉक्टर जोसेफ केरविन यांनी स्कायलॅब स्थानकावर २८ दिवस काढले. स्थानकाचे एक सौरपंख अडकून बसले होते. ते मोकळे करण्यासाठी मुक्कामप्रमुख कॉनरॅड यांच्यासमवेत बाहेर पडलेले गृहस्थ हेच डॉक्टर केरविन. तेथे डॉक्टरला "हे माझे काम नव्हे" असे म्हणण्याची सोय नसते.

डॉक्टर नसताना काय होते, याचाही दाखला आहे. आत्कोव परतल्यानंतर वर्षभराने त्याच सॅल्यूत-७ वर मुक्कामप्रमुख वास्यूतिन आजारी पडले. ताप हटेना. सोबत डॉक्टर नव्हता. अखेर नोव्हेंबर १९८५ मध्ये मोहीम अर्धवट सोडून सर्वांना खाली यावे लागले. डॉक्टर असता तर आजार टळलाच असता, असे मी म्हणणार नाही; पण त्याची सुरुवात कदाचित लवकर ओळखली गेली असती.

सोळा वर्षांची प्रतीक्षा

येगोरोव यांच्या उड्डाणाची बातमी वाचून ज्या विद्यार्थ्याच्या आयुष्याला वळण लागले, त्याचे नाव व्हालेरी पोल्याकोव. त्यांनी अंतराळ-वैद्यक हा विषय धरला आणि १९७२ मध्ये वैद्यक अंतराळवीरांच्या गटात त्यांची निवड झाली. प्रत्यक्ष उड्डाण केव्हा झाले असेल? १९८८ मध्ये. मित्रहो, निवड झाल्यावर सोळा वर्षे! तिशीतला तरुण सेहेचाळिशीला पोहोचला. या काळात ते वैद्यकीय संशोधन करीत राहिले आणि दरवर्षीच्या तपासण्यांना सामोरे जात राहिले. मग सुमारे २४१ दिवसांचा पहिला मुक्काम झाला. ८ जानेवारी १९९४ रोजी ते दुसऱ्यांदा गेले आणि २२ मार्च १९९५ रोजी परतले. ४३७ दिवसांचा तो सलग मुक्काम आजही विक्रम म्हणून उभा आहे.

मंगळापर्यंतच्या प्रवासाला कित्येक महिने लागतील, आणि तेथे उतरल्यावर उचलून न्यायला कोणी नसेल. म्हणून इतक्या दीर्घ मुक्कामानंतर मनुष्य स्वतःच्या पायांवर उभा राहू शकतो की नाही, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर पोल्याकोव यांनी लेख लिहून दिले नाही; यानातून उतरल्यावर थोड्या अंतरावरील खुर्चीपर्यंत ते स्वतः चालत गेले. संशोधक तेच आणि प्रयोगाचा विषयही तेच. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

यांच्या कारकिर्दी चाळताना मला एक गोष्ट विशेष जाणवली. मे जेमिसन या अमेरिकन डॉक्टर १९९२ मध्ये अंतराळात गेल्या; त्यापूर्वी पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन आणि लायबेरिया या देशांत त्यांनी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले होते. जपानच्या चिआकी मुकाई हृदयशस्त्रक्रिया करीत होत्या. १९९४ आणि १९९८ अशी दोन उड्डाणे त्यांनी केली. भारतीय पित्याचे पुत्र अनिल मेनन यांची नासाने डिसेंबर २०२१ मध्ये अंतराळवीर म्हणून निवड केली. त्यांनी तरुणपणी एक वर्ष भारतात राहून पोलिओ लसीकरणाचे काम पाहिले व त्याला साह्य केले होते. हैतीच्या २०१० मधील आणि नेपाळच्या २०१५ मधील भूकंपांत ते मदतीला धावले होते. जेथे साधने अपुरी, वेळ थोडा आणि विचारायला कोणी नाही, अशा ठिकाणी काम केलेल्या डॉक्टरांची अंतराळाला गरज असते, हे यावरून दिसेल.

नाल्याला पूर आलेली रात्र

येथे मला थोडे आपल्या जिल्ह्याकडे वळू द्या. १९८०च्या दशकातील एका पावसाळ्यात, मध्यरात्र उलटून गेल्यावर, शेतातील झोपडीत जमिनीवर झोपलेल्या बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाला खाटेवर घालून केंद्रात आणले. मण्यार चावली होती. दंशाची खूण दिसेना, सूज नव्हती. पण पापण्या मिटत चालल्या होत्या आणि बोलणे अडखळत होते. मण्यारीचे विष श्वासाचे स्नायू लुळे करते, हे आपण जाणताच. बाहेर नाला दुथडी भरून वाहत होता. जीप पलीकडे जाणे अशक्य. प्रतिसर्पविषाच्या कुप्या मोजक्या होत्या. मी, एक परिचारिका आणि एक शिपाई, आम्ही तिघांनी आळीपाळीने अंबू बॅग दाबत त्या मुलाचा श्वास पहाटेपर्यंत चालू ठेवला. शिपायाला वैद्यकातले काही ठाऊक नव्हते. पण त्याने दोन तास एकही दाब चुकवला नाही. पाणी ओसरल्यावर मुलाला पुढे पाठवता आले. तो वाचला.

त्या रात्री मला वाटले होते, की या जगात इतका एकटा डॉक्टर दुसरा नसेल. पुढे आत्कोव यांच्याविषयी वाचले आणि ते मत बदलले. यवतमाळहून नागपूर जितके दूर, साधारण त्याच्या दुप्पट उंचीवर ते होते. अंतर म्हणाल तर काहीच नाही. आपली शकुंतला गाडी मूर्तिजापूरहून यवतमाळला यायला सहा-सात तास घेत असे. तेवढ्या अवधीत त्यांच्या पृथ्वीला चार प्रदक्षिणा होत. तरीही जवळच्या इस्पितळात रुग्ण नेणे त्यांना माझ्याइतकेच कठीण होते.

अलीकडचे एक उदाहरण सांगतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील एका प्रवाशाच्या मानेतील शिरेत रक्ताची गुठळी आढळली. हे प्रकरण २०२० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रवाशाने स्वतःच आपल्या मानेवर अल्ट्रासाऊंडचे यंत्र फिरवायचे आणि पृथ्वीवरील तज्ज्ञांनी चित्र पाहून सूचना द्यायच्या, असे निदान झाले. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनांचा साठा मर्यादित होता. तोंडाने घ्यायचे औषध मालवाहू यानातून येईपर्यंत तो पुरावा, म्हणून काही आठवड्यांनी मात्रा कमी करण्यात आली. औषध पोहोचले, प्रवासी सुखरूप परतला. मित्रहो, कुप्या मोजून पुरवण्याची ही विद्या आरोग्य केंद्रात काम केलेल्या कोणालाही शिकवावी लागत नाही.

अंतराळाचा गावाला उपयोग

"आमच्या गावात रस्ता नाही आणि तुम्ही अंतराळाच्या गोष्टी सांगता," असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्त आहे, आणि त्याला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

अंतराळात डॉक्टर कायम बरोबर नेता येणार नाही, तेव्हा दूर बसून उपचार कसे करावेत याचा विचार अमेरिकेत १९७०च्या दशकातच सुरू झाला. त्याची परीक्षा घेण्यासाठी नासाने जागा निवडली ती ॲरिझोनाच्या वाळवंटातील ओ-ओधाम या आदिवासींच्या वस्तीची. उपकरणांनी सज्ज असे फिरते वाहन गावोगाव जाई; त्यात प्रशिक्षित आरोग्यसेवक असे आणि दूरचित्रवाणीच्या जोडणीतून इस्पितळातील डॉक्टर रुग्णाला पाहत असे. म्हणजे अंतराळवीरासाठी शोधलेली वाट प्रथम एका आदिवासी पाड्यावरून गेली. आपल्या देशात इस्रोने २००१ पासून उपग्रहाच्या साह्याने दूरची इस्पितळे मोठ्या रुग्णालयांशी जोडण्याचे काम हाती घेतले. २०१९ पासून ई-संजीवनी सेवेतून आरोग्य केंद्रातील रुग्णाला दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला. झरी-जामणीतील कोलाम पोडावरील मातेला तज्ज्ञाचा सल्ला मिळतो, तेव्हा त्यामागे अंतराळ-वैद्यकाचेही थोडे ऋण असते.

मात्र पडद्यावरचा तज्ज्ञ अंबू बॅग दाबू शकत नाही. त्यासाठी रुग्णाजवळ कोणी तरी असावेच लागते. अंतराळातील अनुभवही हेच सांगतो: यंत्र कितीही चांगले असो, ते मानेवर योग्य जागी धरणारा हात शिकवलेला असावा लागतो. तो हात तुमचा असावा, हे सांगण्यासाठी मी आज येथे उभा आहे.

मार्ग कोणता?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. मार्ग सोपा आहे, असे सांगून मी तिची फसवणूक करणार नाही. गगनयान मोहिमेसाठी निवडलेल्या ज्या चौघांची नावे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली, ते चौघेही हवाई दलाचे वैमानिक आहेत. त्यांत डॉक्टर नाही. त्यांच्यापैकी शुभांशु शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले. परंतु या चौघांच्या शरीराची कसून परीक्षा घेतली ती बंगळुरूच्या हवाई दलाच्या अंतराळ-वैद्यक संस्थेतील डॉक्टरांनीच. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून सैन्यदलात जाणाऱ्या डॉक्टरांना या विषयाकडे वळता येते. इतर देशांतही क्रम असाच होता: आधी वैमानिक गेले, मग डॉक्टर. मुक्काम लांबले, तशी डॉक्टरची निकड वाढली. आपल्याकडेही ती वेळ येईल. तेव्हा तयारीचा डॉक्टर हवा असेल, आणि पोल्याकोव यांच्याप्रमाणे सोळा वर्षे थांबण्याची चिकाटीही.

यवतमाळात १९८९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वसंतराव नाईक यांचे नाव त्याला लाभले. मी सेवेत आलो तेव्हा या जिल्ह्यातील मुलाला डॉक्टर व्हायचे तर परगावी जाणे भाग होते. आज दार घरापाशी आहे. येथे शिकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ग्रामीण भागातील नेमणूक शिक्षेसारखी वाटते, हे मला ठाऊक आहे. मलाही प्रथम तसेच वाटले होते. निवासाची दुरवस्था, मुलांच्या शाळेची अडचण, एकटेपणा, या तक्रारी खोट्या नाहीत. त्या दूर करणे समाजाचे व शासनाचे काम आहे आणि ते पुरे व्हायचे आहे. परंतु तेथे जे शिकायला मिळते, ते दुसरीकडे मिळत नाही. थोड्या साधनांत निर्णय घेणे, सोबतच्या शिपायावर विश्वास टाकणे, मदत येईपर्यंत हात न थांबवणे, याच गुणांच्या जोरावर हे डॉक्टर पृथ्वीबाहेर गेले.

आणि परत येऊन त्यांनी काय केले? आत्कोव पुन्हा हृदयरोगाकडे वळले. पुढे रशियाच्या रेल्वेच्या आरोग्यसेवेची धुरा त्यांनी सांभाळली. जगातील सर्वांत दूरच्या दवाखान्यात आठ महिने काढलेला हा डॉक्टर रेल्वे कामगारांच्या प्रकृतीची चिंता वाहू लागला. यात त्यांना काही कमीपणा वाटला असेल, असे मला वाटत नाही. रुग्ण बदलले होते. काम तेच होते.

घाटंजीच्या त्या शाळेत मी पुन्हा जाणार आहे. त्या मुलीला सांगेन, की बाई, डॉक्टर झाल्यावर अंतराळवीर होता येते. वाट लांब आहे. आधी चांगली डॉक्टर हो, आणि निदान एक पावसाळा नाल्याच्या अलीकडच्या दवाखान्यात काढ. मग वर जायला मिळाले तर उत्तमच; नाही मिळाले, तरी त्या पावसाळ्यात कोणाचा तरी श्वास तुझ्या हातांनी चालू राहिलेला असेल.